तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं : कार्तिक स्पेशल

दसरा झाला की माझ्याकडे येणारी पत्रं एकदम बदलतात. पावसाळाभर सासू-सून, मुलांचे मोबाईल, गुडघेदुखी. आणि कोजागरीचं दूध आटलं रे आटलं की तिथ्या, वाती, ऊस, कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही बोलवायचं. यंदा गोंधळ जरा जास्तच आहे कारण ज्येष्ठ अधिक आला आणि सगळंच पुढे सरकलं. 2025 ला लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, यंदा 2026 ला थेट 8 नोव्हेंबर. त्यामुळे म्हणायचं शरद ऋतू आणि घालायचा स्वेटर असा प्रकार आहे. पत्रं खूप आली, छाटून घेतलीत, नावं सगळ्यांचीच काढली आहेत, उगाच घरात भांडणं नकोत.

ताई, आमच्या गावच्या देवळात काकड आरती कोजागरीपासून सुरू झाली. कॅलेंडरमध्ये कार्तिक पाडव्याला सुरू होतो. सासरे म्हणतात हा कार्तिकाचाच काकडा, मी म्हणते अजून आश्विन चालू आहे. शंभर रुपयांची पैज लागली आहे.
*— एक सून, फलटण*

पन्नास-पन्नास वाटून घ्या. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा कार्तिक कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होतो आणि त्रिपुरी पौर्णिमेला संपतो. आपण ज्याला आश्विन वद्य म्हणतो तो त्यांचा कार्तिक वद्य. तिथी तीच, पाटी वेगळी. आपल्याकडचा काकडा आणि कार्तिकस्नान कोजागरी ते त्रिपुरी असं चालतं, म्हणजे त्या पौर्णिमेच्या हिशोबाशी जुळतं. तेव्हा कॅलेंडर तुझं आणि काकडा सासऱ्यांचा.

आता तू विचारलं नाहीस तरी सांगते. काकडा म्हणजे मुळात ती कापड पिळून केलेली जाड वात, तुपात भिजवलेली, तिने पहाटे देवाला ओवाळायचं. आमच्या जुन्या पेठेतल्या देवळात पहाटे पाचला चार बायका, दोन आजोबा आणि लोणी-खडीसाखरेसाठी ओढून आणलेलं एक पोरगं एवढीच गर्दी असायची. मी नवीन लग्न होऊन आलेली, कोणी ओळखीचं नाही, आणि शेजारच्या बिल्डिंगमधली एक बाई रोज खाली उभी राहून मिस्ड कॉल द्यायची, एक रिंग म्हणजे उतर, दोन रिंग म्हणजे आज थंडी आहे शाल घे. तीस दिवस आम्ही देवापेक्षा एकमेकींसाठीच उठलो असू. आता ती बंगलोरला असते, पण कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अजून एक रिंग वाजते. सासरे चालत जात असतील देवळात तर तूही जा एखाद्या दिवशी, पैजेचं राहू दे.

वडिलांचं घर विकल्यावर वाटणीवरून भावाशी बोलणं तुटलं. चार वर्षं झाली. कोर्टकचेरी केली नाही पण फोनही नाही. दर भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते आणि लोकांना सांगते की तो टूरवर आहे. यंदा माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, मामा वारला का? मी काय करू?
*— नाव नको, ठाणे*

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी ती चंद्राची गोष्ट. ज्यांना भाऊ नाही किंवा ज्यांचा भाऊ लांब आहे त्यांनी चंद्राला ओवाळायचं ही आपली जुनी सोय आहे आणि छान सोय आहे, पण ती तशी अवघडही आहे, कारण बीजेची कोर नखाएवढी आणि सूर्य बुडाल्यावर थोड्याच वेळात तीही बुडते. ठाण्यात दोन टॉवरच्या मधून ती पकडायची म्हणजे तबक घेऊन गच्चीवर पळापळ. तू चार वर्षं ही पळापळ करतेयस. म्हणजे ओवाळायचं तुला सोडवत नाहीये, बरोबर ना?

यमद्वितीयेची गोष्ट आपण सगळे अर्धी सांगतो. यम बहिणीकडे जेवायला गेला एवढंच. पण तो आपणहून गेला नव्हता, यमुना बोलवत राहिली, बोलवत राहिली आणि ह्याला कामातून वेळ मिळेना (काम काय ते माहीतच आहे), शेवटी कार्तिक शुद्ध द्वितीयेला गेला. आता तू म्हणशील दर वेळी बहिणीनेच का नमतं घ्यायचं. अगदी बरोबर आहे, मलाही ह्याचा राग येतो, बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, वर पुन्हा लाडूही करायचे. म्हणून स्पष्ट सांगते, फोन केलास म्हणजे घरावरचा हक्क सोडलास असं होत नाही. ती दोन वेगळी खाती आहेत. वाटणीचं जे काय आहे ते वकिलाला विचारून कागदावर कर, पण भाऊबीजेच्या आठवड्यात नाही आणि ताटावर तर नाहीच नाही.

फोन तूच कर, मेसेज नको, दिवाळीच्या दिव्यांचं गुलाबाचं फॉरवर्ड तर अजिबात नको. आणि फोनवर "आपण सगळं विसरू या" असलं काही बोलू नकोस, कारण तू विसरलेली नाहीस आणि तोही नाही. "भाऊबीजेला जेवायला ये, पोरगी विचारतेय" एवढं पुरे. नाही म्हणाला तर ठीक आहे म्हण आणि ठेव.

आमच्या घरातलं सांगते. माझी आत्या आणि बाबा सात वर्षं बोलत नव्हते. कारण काय तर आजीचं शिलाई मशीन. आजी गेल्यावर ते आमच्याकडे राहिलं आणि आत्याला हवं होतं, बस. आठव्या वर्षी भाऊबीज होऊन गेली, तुळशीचं लग्न आलं आणि आत्या दारात उभी, हातात एक ऊस. एस्टीतून तो एवढा लांब ऊस कसा आणला देव जाणे. कोणी काही बोललं नाही. आईने पाट मांडला, बाबा टोपी घालून बसले, आत्याने सुपारी-अंगठीने ओवाळलं आणि अक्षता टाकता टाकता म्हणाली, मशीन चालतं का अजून. बाबा म्हणाले, सुई तुटलीय. मग दोघं मशीनपाशी जाऊन बसले आणि आम्ही पोरं ऊस खात बसलो. मशीन ती घेऊन गेली नाही, शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिलं.

तर यंदा बीजेला नाही जमलं तर घाबरू नकोस, भाऊबीज आमच्यासारख्या बऱ्याच घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत चालवून घेतात. आणि मुलीला खरं सांग. मामा जिवंत आहे, आमचं भांडण आहे. सात वर्षांच्या मुलीला भांडण कळतं, त्यांची रोज होतात.

तुळशीला ऊस किती लावायचे? ग्रुपवर एक म्हणते चार, एक म्हणते पाच, एक म्हणते एकच चालतो.
*— गोंधळलेली, इस्लामपूर*

तुझ्या गावाच्या आजूबाजूला उसाशिवाय दुसरं काय आहे गं, लाव हवे तेवढे! मांडव उभा राहायचा असेल तर चार, कुंडीत एक खोचलास तरी लग्न लागतं. आवळा, चिंच, बोरं, झेंडू, मुंडावळ्या आणि अंतरपाट धरायला दोन माणसं. ती दोन माणसं मात्र बघून ठेव, ऐनवेळी सगळे फोटो काढण्यात असतात आणि अंतरपाट एका बाजूने लोंबतो.

माझे मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या सोसायटीत तुळशीचं लग्न जोरात होतं. पूर्वी सगळी तयारी मीच करायचे, आता मला प्रेमाने "तुम्ही बसा हो काकू, दमता" असं म्हणून बाजूला बसवतात. हळदीकुंकवाचं तबक माझ्यासमोरून पुढे जातं. कोणी वाईट बोलत नाही. पण मला कळतं.
*— एक काकू, चिंचवड*

काकू, त्या प्रेमाने बसवण्याचा मला जास्त राग आला. सरळ अपमान केला असता तर भांडता तरी आलं असतं.

आता जिचं लग्न लावतात ती नवरी कोण ते ह्या लोकांना एकदा विचारा. तुळस म्हणजे वृंदा. जालंधराची बायको. तिच्या पातिव्रत्यामुळे तो मरेना म्हणून विष्णूने त्याचंच रूप घेऊन तिला फसवलं, जालंधर मारला गेला, तिने विष्णूला दगड होशील असा शाप दिला, तोच शाळिग्राम, आणि मग ती स्वतः जळून गेली आणि तिथे तुळस उगवली. पुराणापुराणात गोष्ट थोडी इकडेतिकडे होते पण नवरा गेलेली बाई हे सगळीकडे आहेच. म्हणजे दर कार्तिकात आपण घरोघर एका विधवेचं लग्न लावतो, तिला हळद लावतो, हिरवा चुडा घालतो, मंगळसूत्र घालतो, आणि तिच्याशेजारी बसलेल्या बाईच्या समोरून तबक पुढे नेतो. आहे की नाही कमाल!

हे मी काही क्रांतिकारक बोलत नाहीये. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं ह्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण घ्या म्हणून परिपत्रक काढलं. खेडेगावाला जमलं ते तुमच्या लिफ्टवाल्या सोसायटीला जमायला काय हरकत आहे.

पण ठराव होईपर्यंत थांबू नका. यंदा लग्न तुमच्या दारात लावा. एकादशी झाल्यावर द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं, सोसायटीचं ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. कुंडी गेरूने रंगवा, चिरमुरे-फुटाणे-उसाचे करवे वाटायला ठेवा आणि खालच्या मजल्यापासून सगळ्यांना स्वतः जाऊन बोलवा, त्या प्रेमाने बसवणाऱ्या बाईला सगळ्यात आधी. कन्यादान तुम्ही करा. तबक तुमच्या हातात असलं की ते कोणाच्या समोरून पुढे जाणार? आणि बिल्डिंगमध्ये अजून कोणी तुमच्यासारखी असेल तर तिला पहिलं लावा.

मला फोटो नका पाठवू, चिवडा पाठवा.

आम्ही मूळच्या फोंड्याच्या, आता पुण्यात. आमच्याकडे तुळशीच्या लग्नालाच व्हडली दिवाळी म्हणतात. इथे शेजारी म्हणतात देवदिवाळी म्हणजे त्रिपुरी. कोकणातली जाऊ म्हणते देवदिवाळी मार्गशीर्षात. नक्की देवांची दिवाळी कधी?
*— कोथरूड*

देवांना कॅलेंडर नाही, आपल्याला आहे. काशीला घाटांवर दिवे लावून देवदिवाळी करतात ती कार्तिकी पौर्णिमेला, आणि हल्ली टीव्ही-मोबाईलवर तीच दिसते म्हणून शेजाऱ्यांना तीच माहीत. तुमच्या जाऊबाईंचंही बरोबर, कोकणात मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देवदिवाळी करतात, नैवेद्य असतो, घरातल्या देवांचा आणि गावच्या देवांचा मान असतो. आणि गोव्यात नरकासुर जाळून पोहे खाऊन झाले तरी व्हडली अजून यायचीच असते. तुम्ही तिन्ही करा, फराळ संपणार नाही एवढीच काळजी घ्या. आणि कधी त्रिपुरीला गोव्यात असाल तर साखळीला विठ्ठलापूरच्या वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात ते बघून या, मी एकदाच गेले होते, नदीत एवढे दिवे की पाणी दिसत नव्हतं, आणि माझी चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच.

आमचा साठी ओलांडलेल्या सात जणींचा ग्रुप आहे, वीस वर्षं एकत्र चालायला जातो. दरवर्षी आवळीभोजन करतो. दोन वर्षांपूर्वी एक मुस्लिम मैत्रीण ग्रुपमध्ये आली. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दोन रात्री हॉस्पिटलमध्ये तीच झोपली होती. आता एक मेंबर म्हणते आवळीभोजन धार्मिक आहे, तिला बोलवू नये, तिलाच ऑकवर्ड होईल. मेनूवरूनही वाद आहे. काय करावं?
*— सात जणींतली एक, अमरावती*

"तिलाच ऑकवर्ड होईल" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. ज्याला ऑकवर्ड होणार असतं तो कधीच हे वाक्य बोलत नाही, दुसराच बोलतो. तुम्ही तिला विचारलंत का? नसेल तर आज विचारा, आणि असं विचारा की आम्ही झाडाला हळदकुंकू वाहतो, सूत गुंडाळतो, दिवा लावतो, मग जेवतो, तुला ह्यातलं कशाकशाला यायचंय. ती म्हणेल पूजेच्या वेळी मी सतरंजी अंथरते, किंवा म्हणेल मला नाही यायचं, किंवा म्हणेल माझ्याकडे एक रेसिपी आहे. तिचं उत्तर काय येईल ते तुम्ही सहा जणींनी मीटिंग घेऊन ठरवायचं नाही. मी स्वतः दरवर्षी जाते आणि पूजा करत नाही, मीठ-लिंबू वाढते. मला आजवर कोणी विचारलं नाही की तुला ऑकवर्ड होतं का.

आणि त्या मेंबरला माझा एक प्रश्न द्या. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या रात्री ती कुठे होती?

मेनूचा वाद मात्र खरा आहे आणि त्यात मला रस आहे! आवळी नवमी म्हणजे कार्तिक शुद्ध नवमी, म्हणजे एकादशीच्या दोन दिवस आधी, म्हणजे चातुर्मास अजून संपलेला नाही. ज्या चातुर्मास पाळतात त्यांना कांदा-लसूण-वांगं नको आणि बाकीच्या म्हणणार की झाडाखाली बसून भरली वांगी नाहीत तर मग घरीच जेवलो असतो की. ह्यावर उपाय सोपा आहे, नवमीचा हट्ट सोडा. आवळीभोजन कार्तिकात कधीही करतात. एकादशीनंतरचा एखादा दिवस घ्या. (वांग्याच्या बाबतीत कट्टर असणाऱ्या चंपाषष्ठीच्या भरतापर्यंत थांबतात, त्यांच्यासाठी एक बटाट्याची भाजी ठेवा, वाद घालू नका.)

झाड कुठे शोधायचं हे विचारलं नाहीत म्हणजे तुमच्याकडे आहे. भाग्यवान आहात. जेवण झाल्यावर खाली पडलेला आवळा पुसून खा आणि वरून पाणी प्या, ते पाणी गोड लागतं, आणि साठीतल्या बायका दर वर्षी पहिल्यांदाच कळल्यासारख्या "अगं खरंच!" म्हणतात.

आम्ही न्यूजर्सीत आहोत. आईने भारतातून कॅलेंडर पाठवलंय. त्रिपुरी पौर्णिमा 24 नोव्हेंबर लिहिलीय. इथले मंदिरवाले काहीतरी वेगळं सांगतात. आणि थंडीने तुळस मेली. लग्न कोणाचं लावू?
*— एडिसन*

आधी तारीख. तिथी चंद्रावर ठरते, ती सगळ्या जगात एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते, घड्याळं मात्र वेगवेगळी. यंदाची पौर्णिमा भारतात 23 तारखेला रात्री बारा वाजायच्या थोडं आधी लागते आणि 24 ला रात्री साधारण सव्वाआठ-साडेआठला संपते. म्हणून आईच्या कॅलेंडरवर 24, तिची संध्याकाळ पौर्णिमेत आहे. तुमचं घड्याळ नोव्हेंबरात साडेदहा तास मागे. म्हणजे तुमच्याकडे पौर्णिमा 23 ला दुपारी लागते आणि 24 ला सकाळी दहाच्या आत संपूनही जाते. त्रिपुरीचे दिवे संध्याकाळी लावायचे असतात, तेव्हा पौर्णिमेत लावायचे असतील तर तुमची संध्याकाळ 23 ची. 24 ला ऑफिसमधून येऊन लावलेत तर ती प्रतिपदा झाली. तरी लावलेत म्हणून काही बिघडत नाही, पण आईला फोनवर सांगताना हे नीट समजावून सांगा, नाहीतर "तिकडे जाऊन सगळं बदललं" असं व्हायचं.

तुळस थंडीत बाहेर टिकणार नाहीच. पुढच्या वर्षी मंजिऱ्या सुकवून ठेवा, उन्हाळ्यात बी पेरा आणि सप्टेंबर संपता संपता कुंडी घरात, ऊन येणाऱ्या खिडकीत. यंदा दुसऱ्या कोणाकडे असेल तर तिच्या लग्नाला जा, त्यात काय कमीपणा, लग्नाला माणसं लागतातच. अगदीच नाही मिळाली तर दुकानात कुंडीत थाई बेझिल मिळतं, ती तुळशीची चुलतबहीण आहे, नवरी नाही तरी करवली म्हणून उभी करा आणि देवापुढे तुळशीचं वाळलेलं पान ठेवा. स्मोक अलार्मचं मात्र भान ठेवा. माझ्या भाचीने तिकडे एका वर्षी उत्साहाने मोठी वात लावली आणि मंगलाष्टकांच्या तिसऱ्या कडव्याला सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये.

माझं वय 71. आषाढीची वारी आता झेपत नाही. कार्तिकीला पंढरपूरला जावं म्हणतोय. मुलगा म्हणतो गर्दी तेवढीच, नंतर आरामात जाऊ. तुमचं मत?
*— एक आजोबा, बार्शी*

मुलाचं चुकत नाही, कार्तिकीलाही लाखांनी माणूस येतो. पण तुमचंही कळतं, एकादशीला जाणं आणि एकादशीनंतर जाणं ह्यात फरक आहेच. यात्रेच्या आधी देवाचा पलंग काढतात, मग यात्रेनंतरच्या प्रक्षाळपूजेपर्यंत (देवाला न्हाऊ घालतात ती) देवाला झोप नाही, दर्शन दिवसरात्र. तरीसुद्धा पायावर डोकं ठेवायची रांग तुमच्या वयाला नको, कित्येक तास उभं राहावं लागतं. मुखदर्शनाची रांग त्यामानाने लवकर सरकते. तेही नाही जमलं तर चंद्रभागा, नामदेव पायरी आणि कळस, माझ्या आजीने आयुष्यभर एवढंच केलं आणि ती त्याला पूर्ण वारी म्हणायची. बार्शीहून पंढरपूर जवळच आहे, मुलाला म्हणावं सकाळी जाऊन रात्री परत येऊ. आणि जाताना तुमच्याच वयाचा एक मित्र बरोबर घ्या, मुलगा गाडी पार्क करायला जागा शोधत तासभर फिरेल तेव्हा बोलायला कोणी हवं ना.

कार्तिकस्वामींचं दर्शन बायकांनी घ्यावं की नाही?
*— पोस्टकार्ड, पत्ता नाही*

आपल्याकडे रूढी अशी की कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असताना घ्यावं, एरवी नाही. नाशिकला पंचवटीतलं मंदिर तर वर्षातून ह्याच सुमारास उघडतं. पण तोच देव तामिळनाडूत मुरुगन म्हणून दोन बायकांसह उभा आहे आणि तिथल्या बायका वर्षभर जातात, कोणाचंही काही झालेलं नाही. तुम्हीच ठरवा. पोस्टकार्ड बघून मात्र बरं वाटलं.

बायको भाद्रपदात गेली. त्रिपुरी पौर्णिमेला ती दरवर्षी साडेसातशे वातींची त्रिपुरवात शंकराच्या देवळात लावायची. चाळीस वर्षं चुकली नाही. घरात वर्षभर सण नाही असं मुलं म्हणतात. मला सण करायचा नाही, फक्त ती वात लावायची आहे. पण मला वात वळता येत नाही. तयार मिळते का? आणि ती लावतात कशी? तिने लावताना मी नेहमी बाहेर चपला सांभाळत उभा असायचो.
*— सांगली*

काका, मुलांचं बरोबर आहे, पहिल्या वर्षी सण करत नाहीत. पण देवळात दिवा लावणं म्हणजे सण नाही. कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा.

तयार त्रिपुरवात पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळते, त्रिपुरीच्या आधी आठ-दहा दिवस तर नक्कीच. पण घेण्याआधी एक करा. ह्या वाती कोणी आदल्या दिवशी करत नाही हो. चातुर्मासात दुपारी बसून, टीव्ही बघता बघता, मांडीवर कापूस घेऊन बायका त्या वळत राहतात, मोजून मोजून बाजूला ठेवतात. त्या भाद्रपदात गेल्या म्हणता, म्हणजे आषाढ-श्रावण त्यांच्या हातात होता. देवघराच्या खालच्या कप्प्यात बघा, नाहीतर जुन्या बिस्किटाच्या डब्यात, नाहीतर त्यांच्या पर्सच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत. पुरी साडेसातशे झाली नसेल तर जेवढी आहे तेवढी घ्या आणि उरलेल्याला दुकानातल्या साध्या फुलवाती जोडा. चालतं.

लावायची अशी. आदल्या रात्री वात तुपात बुडवून ठेवायची, नुसतं वरून तूप घातलं तर मधली कोरडी राहते आणि धूर होतो. पातेलीएवढी खोल मातीची पणती घ्या, स्टीलची वाटी नको, ती तापते. वात उभी बसवून टोकं थोडी मोकळी करा, तिथे कापराचा चुरा दाबा म्हणजे लगेच पेटते. ज्योत मोठी होते, हात मागे घ्या, धोतर-शालीचं टोक सांभाळा. अंधार पडता पडता जा, उशिरा दीपमाळेपाशी फार गर्दी होते.

चपला ह्या वर्षी नातवाला सांभाळायला सांगा.